खालून पाचवं पान

पाहुण्या येणार म्हणून सकाळी मी बूट पॉलिश केले होते, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी ते पानमळ्याच्या तोंडाशी काढून ठेवावे लागले. पानमळ्यात पायताण चालत नाही. नागवेलीला विटाळ होतो, असं आमच्या भागात मानतात. आमचं पान-संशोधन केंद्र सरकारी होतं आणि दारावर वैज्ञानिक दृष्टिकोनाची पाटीही होती, पण मळ्यात राबणारी माणसं गावातली होती. पाटी रंगवणाराही गावातलाच होता आणि रंगवताना त्यानं चपला काढल्या होत्या.

अनुदान समितीच्या डॉ. आराध्येबाईंनी मुकाट्यानं सँडल काढल्या. आमचे केंद्रप्रमुख हुपरीकर सरांनी मोजे तेवढे ठेवले. शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेलींमधून, ओल्या वाफ्यांच्या कडेकडेनं आम्ही निघालो. पुढे आक्काताई होत्या.

आक्काताई चौगुले आमच्याकडे अकरा वर्षं रोजंदारीवर होत्या. हजेरीपटात कायम नोकरांची नावं शाईनं लिहीत आणि रोजंदारीची पेन्सिलनं. खोडायला सोपं पडावं म्हणून. अकरा वर्षं त्यांचं नाव पेन्सिलनं लिहिलं जात होतं. त्या वर्षी सरकारनं शेवटची म्हणून एक यादी मागवली होती. ज्यांच्यावर केंद्रप्रमुखाचा स्वच्छ शेरा असेल, तेवढे मजूर कायम होणार, पुढे कुणी नाही. आक्काताईंची फाइल सरांच्या टेबलावर होती. नवरा गेल्यापासून त्या भावाच्या घरी, न्हाणीशेजारच्या खोलीत राहत. कायम झालं की केंद्राच्या आवारातली चार नंबरची खोली त्यांना मिळणार होती. खोली दोन वर्षं रिकामी होती, आणि ऑर्डर यायच्या आधीच त्या तिची पायरी रोज झाडून काढत. कुणी चेष्टा केली तर म्हणत, झाडल्यानं पायरी काय झिजत न्हाई.

केंद्रात सगळे त्यांना अगं-तुगं करत. मी अहो-जाहो करायचो, आणि त्याचा मला अभिमान होता.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि हुपरीकर सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. आमचा विषय होता पानाचा आकार. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. कोवळ्या कळीवर एका जालीम औषधाचे थेंब टाकले की पेशी आपले संच दुप्पट करते आणि वाटणी करायची विसरून जाते. मग चार संच एकाच घरात नांदू लागतात. थोडक्यात, एकत्र कुटुंब. आता पान किती वाढावं, हे ठरवणारं एक जनुक असतं. पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत असतात, तेव्हा ते योग्य वेळी 'पुरे' म्हणतं. प्रयोगशाळेत आम्ही त्याला पुरे-जनुकच म्हणायचो. सरांचा सिद्धांत असा होता की चार संचांच्या गलक्यात हे 'पुरे' कुणाला ऐकूच जात नाही. पेशी होत राहतात आणि पान दीडपट मोठं होतं.

आणि पान दीडपट मोठं होत होतं. आठ महिने आम्ही दर सोमवारी पानं आलेख-कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवत होतो, चौकोन मोजत होतो, आणि दुप्पट संचांच्या वेलीचं पान दर सोमवारी साध्या वेलीच्या पानाला झाकून वर दोन बोटं उरत होतं. सरांनी या वाणाला नावसुद्धा देऊन टाकलं होतं. हत्तीच्या कानाएवढं पान, म्हणून 'गजकर्ण'. हा त्वचेचा रोग आहे, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला कुणी धजेना. शेवटी मुख्य कार्यालयातल्या एका कारकुनानं फाइलवर 'मलम सुचवावे' असा शेरा मारला, तेव्हा ते 'गजपर्ण' झालं.

डॉ. आराध्ये आल्या होत्या त्या हे गजपर्ण बघायला. पुढच्या पाच वर्षांचं अनुदान त्यांच्या अहवालावर होतं. साठीच्या पुढच्या बाई, आवाज बारीक, प्रश्न थोडे. तक्ते त्यांनी ऑफिसात चाळले होते. मळ्यात आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की मोजायला कुठलं पान घेता. सरांनी अभिमानानं सांगितलं, नेहमी पाचवं. सगळ्या जगात असंच करतात, नाहीतर कोवळ्या पानाची तुलना जून पानाशी होईल.

"मग एक काढून दाखवा की," बाई म्हणाल्या.

सरांनी आक्काताईंना खूण केली. आक्काताई वेलीपाशी उकिडव्या बसल्या. अंगठ्याला पान खुडायची लोखंडी नखी होती. बुंध्याजवळचं पान त्यांनी बोटानं हलवलं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं, आणि पाचवं पान देठातून खुडून, पदराला पुसून, दोन्ही हातांनी बाईंना दिलं. काळंशार, जाड, तळहात झाकणारं पान.

बाईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं. मग आपल्या कपाळाएवढ्या उंचीवर, वेलीच्या शेंड्याकडे बघितलं.

"तुम्ही खालून मोजता?"

"खालनंच मोजत्यात की," आक्काताई म्हणाल्या. "वरलं पान म्हंजे अजून पाळण्यात हाय. त्येला कोन मोजतंय?"

पानमळ्याची हीच रीत. खुडा नेहमी खालून वर चढतो. बुंध्याचं पान आधी जून होतं, आधी निघतं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात पहिलं पान म्हणजे खालचं पान. जगातले सगळे शास्त्रज्ञ मात्र शेंड्याकडून मोजतात.

बाईंनी शांतपणे विचारलं की साध्या वेलींची पानं कोण मोजतं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी. कुठून? शेंड्याकडून.

सरांच्या मोज्यांत चिखल शिरत होता.

साध्या वेली काचघरात कुंड्यांत होत्या आणि दुप्पट संचांच्या मळ्यात, हे नियमात बसत नव्हतंच. पण ते एक वेळ चाललं असतं. माणसं का वेगळी, तर त्याचं कारण अगदी शास्त्रीय होतं. मळ्यात जायला बूट काढावे लागत आणि माझ्या बुटांना नाड्या होत्या. काचघरात बूट चालत. म्हणून काचघर मी घेतलं आणि मळा आक्काताईंना दिला. आठ महिने आम्ही साध्या वेलीचं कोवळं पान दुप्पट वेलीच्या जून पानाशी जोडून बघत होतो, आणि आई लेकीपेक्षा वयानं मोठी आहे असा शोध लावत होतो.

आराध्येबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी तिथंच दहा दुप्पट वेलींची शेंड्याकडून पाचवी पानं काढायला लावली, काचघरातून साध्या वेलींची दहा आणवली, आणि माझ्या टेबलाशी बसून स्वतः चौकोन मोजले. फरक नव्हता. एकावर एक ठेवली तर कोणतं कुणाचं ते सांगता येत नव्हतं. मग त्यांनी पानांची साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. दुप्पट वेलीच्या पेशी जवळजवळ दुप्पट मोठ्या होत्या, आणि संख्येनं जवळजवळ निम्म्या.

"बघा ना," त्या सरांना म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. 'पुरे' ऐकू जात नाही असं नव्हे. पेशी मोठी झाल्याचं पानाला कळतं आणि 'पुरे' लवकर म्हटलं जातं. चार संच घालून, औषध पाजून, पान शेवटी आपल्याच मापाचं राहतं. हे तुमच्या गजपर्णापेक्षा किती तरी चांगलं आहे, असं त्या म्हणाल्या. यावर त्या अनुदानाची शिफारस करायला तयार होत्या. फक्त आठ महिन्यांचे तक्ते रद्द करावे लागतील आणि चूक कशी झाली याचा लेखी खुलासा फाइलला लागेल. कुणाचा का असेना.

सरांना वाक्यातलं शेवटचं तेवढं नीट ऐकू आलं.

जेवणानंतर सरांच्या केबिनमध्ये आम्ही बसलो. सर, आराध्येबाई, कोपऱ्यात टाइपरायटर घेऊन अधीक्षक बोंद्रे, आणि मी. आक्काताईंना बोलावलं. खुर्ची होती, पण त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. समोर पाहुण्या होत्या म्हणून सरांनी अहो-जाहो करत, सौम्य आवाजात सुरुवात केली. बाई, तुम्ही जुन्या आहात, तुमच्या हातून मुद्दाम काही होणार नाही, पण पानं कुठून मोजायची हे तुम्ही एकदा तरी विचारायला हवं होतं.

"इचारलं हुतं," आक्काताई म्हणाल्या.

बोंद्रेंचे हात टाइपरायटरवर थांबले.

"डिसेंबरात. गुळवणी सायबांस्नी काचघरात मोजताना बगितलं, तवा म्हनलं, सायेब, तुमचं वरनं चाललंय आन माझं खालनं. एक करायला पायजे न्हवं? तर सायेब बूट काढून मळ्यात आलं. सोता वरचं पान खुडलं, कागदावर ठिवलं. लई येळ बगत बसलं. मग म्हनले, आक्काताई, तुमचं चाललंय तसंच चालू द्या."

हे खरं होतं. एकूण एक शब्द खरा होता.

डिसेंबरातल्या त्या दुपारी मळ्यातल्या दगडावर बसून मी दोन पानं, वरून पाचवं मळ्यातलं आणि वरून पाचवं काचघरातलं, एकावर एक ठेवली होती. फरक नव्हता. तेव्हा सरांचा निबंध छापायला गेला होता. माझ्या प्रबंधाची चार प्रकरणं टाइप झाली होती, आणि चारही प्रकरणांत पान दीडपट होतं. मोजणी एक केली असती तर पुढच्या सोमवारी पान अचानक आखडलं असतं आणि त्याचं कारण मला लिहावं लागलं असतं. आक्काताई समोर उकिडव्या बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तोवर केंद्रातल्या कुणालाही न दिसलेली चूक त्यांना दिसली होती आणि ती सांगून मोकळं झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी म्हटलं, तुमचं चाललंय तसंच चालू द्या. त्या म्हणाल्या, तुमाला ठावं.

केबिनमध्ये आता तिघं माझ्याकडे बघत होते. आक्काताई नव्हत्या बघत. त्यांना उत्तर माहीत होतं, त्यामुळे त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"गुळवणी?" सर म्हणाले. त्यांच्या आवाजात दरडावणी नव्हती. नुसती अडचण होती, माझी नव्हे, त्यांची.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

आक्काताईंनी मान वळवली. रागावल्या नाहीत. माझी तब्येत बरी नसावी तसं बघितलं.

"सायबांस्नी आठवत नसंल," त्या म्हणाल्या.

तेवढंच. आराध्येबाई माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी घड्याळ बघितलं. त्यांना गाडी गाठायची होती. अडाणी बाईचा शब्द आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची विस्मृती यांतलं काय निवडायचं, हा प्रश्न त्यांच्या विषयातला नव्हता.

त्या गेल्यावर सरांनी बोंद्रेंना मजकूर सांगितला आणि बोंद्रेंनी तो कार्बन घालून बडवला. सर मला म्हणाले की आक्काताईची सही तू घे. तुझं ती ऐकते. आणि तिला सांग, प्रकरण इथंच मिटलं, फाइलला धक्का लागणार नाही.

आक्काताई मागच्या ओसरीत पानांच्या करंड्या धूत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी ओले हात पदराला पुसले. साक्षरता वर्गात त्या सही शिकल्या होत्या, आकडे त्यांना येत, पण टाइपचं बारीक अक्षर लागत नसे.

"वाचून दावा," त्या म्हणाल्या.

कागदावर असं होतं: पाने मोजण्याबाबत श्री. गुळवणी यांनी वेळोवेळी स्पष्ट सूचना देऊनही मी त्या पाळल्या नाहीत. माझ्या हलगर्जीपणामुळे केंद्राच्या संशोधनाचे नुकसान झाले. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.

मी वाचलं ते असं: "पाने मोजण्याची आमच्या मळ्याची रीत खालून आहे आणि केंद्राची रीत वरून आहे. हे मी साहेबांच्या कानावर घातले होते. कामाच्या गडबडीत ते राहून गेले. यात कुणाचाही दोष नाही."

वाचताना माझा आवाज छान लागला होता. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळाली होती मला.

आक्काताईंनी ऐकलं आणि मान डोलावली.

"बरं लिव्हलंय. खरं हाय तेच लिव्हलंय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "आत तुमाला बोलता आलं न्हाई. आसू द्या. कागदावर तर आलं."

दोन्ही प्रतींवर त्यांनी सावकाश, जीभ दातांत धरून सही केली. खालची कार्बनची प्रत मी त्यांना दिली. नियमानं द्यावी लागते. त्यांनी ती चार घड्या घालून कनवटीला लावली.

सरांनी शब्द पाळला. फाइलला धक्का लागला नाही. तो खुलासा फक्त तिच्यात नत्थी झाला, आणि खुलासा नत्थी असलेल्या फाइलवर स्वच्छ शेरा कुणाला मारता येत नाही. मे महिन्यात यादी आली. चार नावं होती. आक्काताई पुढचे काही सोमवार मला विचारायला आल्या की आपला कागद कवा येनार. मी सांगत राहिलो की प्रक्रिया सुरू आहे. जूनमध्ये रोजंदारी बंद झाली आणि हजेरीपटातलं त्यांचं नाव खोडलं गेलं. खोडायला सोपं पडलं. चार नंबरच्या खोलीत बोंद्रेंनी मोडके टाइपरायटर ठेवले.

अनुदान मिळालं. पान आपल्या मापाचं का राहतं, यावर मला पीएच.डी. मिळाली. परीक्षकांनी मोजणीतल्या काटेकोरपणाचा खास उल्लेख केला. प्रबंधाच्या सुरुवातीला मी पंधरा जणांचे नावानिशी आभार मानले आहेत, आणि सोळाव्या ओळीत मळ्यातील मजूरवर्गाचे.

नऊ वर्षांनी मी सरांच्या खुर्चीत होतो. एका सकाळी शिपायानं सांगितलं, एक म्हातारी बाहेर बसली आहे, उठत नाही. आक्काताई होत्या. केस पांढरे झाले होते आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं दिसत होतं. समोरची फाइल मिटून, वाचायचा चष्मा काढून ठेवून मी उभा राहिलो. बसा म्हटलं. या वेळी त्या खुर्चीवर बसल्या. मी तब्येत विचारली, चहा सांगितला. त्या अजून भावाच्याच घरी होत्या, त्याच खोलीत. ते सगळं त्यांनी पावसापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

मग पिशवीतून प्लॅस्टिकचा एक कागद काढला, त्यातून तो चार घड्यांचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. घड्यांवर तो फाटत आला होता.

इतकी वर्षं, त्या म्हणाल्या, भावकीत कुणी म्हनलं की आक्काताईनं काय तरी घोळ केला म्हनून काडून टाकली, की मी ह्यो कागद काडून दावायची. दोष न्हाई म्हनून लिव्हलंय म्हनायची. कुनी वाचत बसत नव्हतं. भावाच्या पोराचं गेल्या महिन्यात लगीन झालं. सून शिकल्याली हाय. तिला कौतुकानं दावला. तिनं समद्यांम्होरं मोठ्यांदा वाचला.

चहा आला. शिपाई कप ठेवून जाईपर्यंत त्या थांबल्या.

"तिच्या वाचन्यात दुसरंच काय तरी येतंय," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, तुला येत न्हाई वाचाया. घरात लई बोलाचाली झाली. तवा तुमी वाचा. त्या टायमाला वाचलं हुतं, तसंच वाचा."

मी कागद हातात घेतला. कार्बनची शाई फिकट जांभळी झाली होती. आक्काताई खुर्चीच्या कडेवर येऊन, ऐकायला मान थोडी कलती करून बसल्या.

मी वाचलं. पाने मोजण्याची आमच्या मळ्याची रीत खालून आहे, इथपासून यात कुणाचाही दोष नाही, इथपर्यंत. कुठं अडखळलो नाही. वाचून झाल्यावर मान वर केली, तर आक्काताई माझ्याकडे बघत नव्हत्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझा चष्मा पडलेला होता, त्याच्याकडे बघत होत्या.

"म्हंजे समदं आठवतंय सायबांस्नी," त्या म्हणाल्या, आणि कागद माझ्याकडेच ठेवून उठल्या.